सुपातला काळा दाणा

संक्रांत जवळ आली की दादर-लालबागच्या वाणसामानाच्या दुकानांत बाजरीची पोती पुढे येतात. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाण्याचा रिवाज घाटावरून पोटासाठी मुंबईत उतरलेल्या माणसांनी आपल्याबरोबर आणला, आणि गिरण्यांचे भोंगे थांबल्यावरही तो टिकून आहे. या बाजरीत खडे असतात, काडीकचरा असतो, किडका दाणा असतो, हे तिला हात लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. पण कधी कधी तीत आणखी एक वस्तू असते. दाण्याएवढी किंवा त्याहून किंचित लांब, टोकाशी निमुळती, काळपट तपकिरी आणि टणक. सहज पाहिले तर भाजका किंवा काळवंडलेला दाणाच वाटावा. परंतु तो दाणा नसतो. दाण्याच्या जागी, दाण्याचे अन्न खाऊन वाढलेली ती एका बुरशीची गाठ असते. शेतकी खात्याच्या पुस्तिकांत तिला 'अरगट' म्हणतात.

या अरगटाचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप युरोपकडे वळते, हा आमचा अनुभव आहे. तिकडचा इतिहास सजवलेला, चित्रित केलेला आणि पुन्हा पुन्हा सांगितलेला आहे. आपल्याकडचा इतिहास थोडक्या वैज्ञानिक टिपणांत आणि असंख्य सुपांत विखुरलेला आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला मुख्यतः या दुसऱ्या इतिहासाविषयी बोलायचे आहे. परंतु पहिल्याची ओळख करून घेतल्यावाचून दुसरा दिसत का नाही हे कळणार नाही, म्हणून आरंभ तेथूनच करू.

मध्ययुगीन युरोपातील गरिबांचे अन्न म्हणजे राय या धान्याचा काळा पाव. ओल्या हंगामानंतर गावेच्या गावे एका विलक्षण रोगाने पछाडली जात. हातापायांची आग होई, बोटे काळी पडत, वाळत आणि अखेर रक्ताचा थेंबही न सांडता गळून पडत. कुठे झटके येत, भास होत. लोकांनी त्याला 'संत अँटनीचा अग्नी' म्हटले. १०९५च्या सुमारास या संताच्या नावाने रुग्णसेवेचा एक पंथ निघाला. त्या पंथाच्या इझेनहाइम येथील मठासाठी ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली वेदीचित्रे आज युरोपीय कलेच्या इतिहासात अढळपदी आहेत. १६७६ साली दोदार या फ्रेंच वैद्याने रोगाचा संबंध रायच्या कणसातील काळ्या गाठींशी जोडून दाखवला. १८५३ साली त्युलान याने त्या गाठी बुरशीच्या असल्याचे सांगून तिचे जीवनचक्र उलगडले. अरगट हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला. कोंबड्याच्या पायाला मागे जी टोकदार नखी असते तिचे ते जुने फ्रेंच नाव. रायच्या कणसातून बाहेर डोकावणारी वाकडी काळी गाठ हुबेहूब तशीच दिसते.

पुढे विसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी अरगटावरील संशोधनातूनच १९३८ साली एलएसडी तयार केले, आणि १९४३ साली त्याचा परिणाम स्वतःच्या शरीरावर अनुभवला. त्यानंतर तर अरगटाला अद्भुताचे वलयच लाभले. अमेरिकेतील सेलम गावच्या १६९२च्या चेटकीण-खटल्यांचे मूळ अरगटात असावे, असा तर्क १९७६ साली मांडला गेला. पुष्कळ इतिहासकारांनी तो अमान्य केला, तरीही तो पुस्तकांतून फिरतोच आहे. विष, वेड, संत, चित्रे आणि चेटूक एवढे सगळे एका दाण्यात सापडल्यावर इतिहासकाराचा मोह आवरत नाही, यात नवल नाही.

आता आपल्या शेताकडे येऊ. आपल्याकडे राय जवळपास नाहीच. अरगट येतो तो बाजरीवर, आणि त्याचा एक भाऊबंद ज्वारीवर. बाजरी निसवली की कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, पुंकेसर त्यानंतर काही दिवसांनी. या मधल्या काळात स्त्रीकेसरांची नाजूक टोके उघडी असतात. परागकण आधी पोहोचला तर ती टोके काही तासांतच सुकतात आणि वाट बंद होते. बुरशीचे बीज आधी पोहोचले तर तेच आत शिरते. आकाश ढगाळ असेल, रिमझिम लागून राहिली असेल, तर परागकण धुऊन जातात आणि बुरशीचे फावते. चार-सहा दिवसांत कणसातून मधासारखे गुलाबीसर चिकट थेंब पाझरू लागतात. पाऊस आणि कीटक तो चिकटा एका कणसावरून दुसऱ्यावर नेतात. आणखी आठ-दहा दिवसांत त्या जागी काळपट गाठी टणक होऊन बसतात. मग कापणी, मळणी, आणि गाठी धान्यासह पोत्यात.

१९५६ साली मुंबई राज्याच्या सातारा भागात बाजरीवर हा रोग साथीसारखा पसरला. १९५७ साली भिडे आणि हेगडे या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी त्याची नोंद 'करंट सायन्स' या नियतकालिकात केली. १९५८ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस'मध्ये पटेल, बोमन आणि दलाल या तिघांचा लेख आला. विषय होता, मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटाची बाजरी खाऊन झालेल्या विषबाधेची साथ. लेख जेमतेम पाच पानांचा आहे. महाराष्ट्राच्या मातीतल्या या रोगाचा माणसांच्या बाजूने लिहिलेला जो मूळ दस्तऐवज, तो एवढाच.

त्या वर्षांत मुंबई कशात गुंतली होती हे वाचकांस सांगायला नको. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य जन्मास आले, बेळगाव-धारवाड-विजापूर म्हैसूर राज्यात गेले आणि 'मुंबई राज्याचा दक्षिण भाग' या शब्दांचा अर्थच एका रात्रीत बदलला. लालबाग-परळचे गिरणी कामगार त्या काळात मोर्च्यांत होते. त्यांतील कित्येकांचे आईबाप, बायकामुले ज्या सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत राहत होती, त्याच टापूत बाजरी खाऊन माणसे आजारी पडत होती. सीमा कुठून जावी यावर मराठी मन पेटलेले असताना, त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे भाकरीत काय आले आहे याकडे कुणाचे लक्ष जावे? आम्ही हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. मोठ्या इतिहासाच्या आवाजात लहान इतिहास कसा बुडतो, एवढेच दाखवायचे आहे.

पण लक्ष न जाण्याचे दुसरे एक कारण होते, आणि ते रोगाच्या स्वभावातच होते. बाजरीच्या अरगटाने बोटे झडत नाहीत. रायच्या अरगटात अर्गोटामिनसारखी द्रव्ये असतात; ती रक्तवाहिन्या आवळून धरतात आणि त्यातून अवयव मरतात. बाजरीच्या अरगटात मुख्यतः क्लॅव्हिन गटातील द्रव्ये असतात. ती खाल्ल्यावर काही तासांत मळमळते, उलट्या होतात, गरगरते, डोळ्यांवर झापड येते आणि बहुधा एक-दोन दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. १९७५ साली राजस्थानात अशीच साथ आली तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि भट यांनी तिचा अभ्यास केला. याच सुमारास या संस्थेतील भट, रॉय आणि तुळपुळे यांनी बाजरीच्या आणि रायच्या अरगटातील द्रव्ये शेजारी ठेवून तपासली, तेव्हा हा फरक नीट पुढे आला. मुळात बाजरीवरची बुरशी ही वेगळी जात आहे हेही १९६७ सालीच ठरले. लव्हलेस यांनी तिचे 'क्लॅव्हिसेप्स फ्युझिफॉर्मिस' असे नामकरण केले. तोवर आपल्याकडचे तज्ज्ञ तिला युरोपातील गवतांवरच्या एका नातलगाच्या नावानेच ओळखत होते.

इथे आमच्या म्हणण्याचा गाभा येतो. अरगट म्हणजे काळी पडलेली बोटे, हे चित्र युरोपच्या ग्रंथांनी इतके पक्के केले होते की ज्या आजारात फक्त ओकारी आणि गुंगी येते, त्याला अरगट म्हणण्यास वेळ लागला. उलटी झाली, चक्कर आली, तर 'काहीतरी बाधले' म्हणायचे, लिंबूपाणी प्यायचे आणि पडून राहायचे. गरिबाच्या पोटाला काहीतरी बाधणे ही बातमी होत नाही. दृश्य इजा झाली की इतिहास लिहिला जातो. विदर्भाकडे आणि मध्य भारतात लाखोळीच्या डाळीने माणसांचे पाय गेले, ती पांगळी माणसे रस्त्यात दिसू लागली, म्हणून लाखोळी चर्चेत आली आणि १९६१ साली तिच्या विक्रीवर केंद्राने बंदी घातली. बाजरीच्या अरगटाने कोणी पांगळे झाले नाही. त्याला संत मिळाला नाही आणि चित्रकारही मिळाला नाही.

मुंबई धान्याकडे रोगाच्या नजरेने पाहायला शिकली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. १८९६ साली प्लेग आला तो मांडवीत, धान्याच्या गुदामांच्या वस्तीत. हाफकिन यांनी लस बनवली आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. पोते म्हणजे उंदीर आणि उंदीर म्हणजे प्लेग, हा धडा शहराने मोठी किंमत देऊन घेतला. परंतु या धड्यात धान्य हे उंदराचे आमिष होते. धान्य स्वतःच विष होऊन येऊ शकते हा धडा निराळा होता, आणि तो प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर, चाळींच्या खोल्यांत दुपारच्या वेळी गिरवला जात होता.

मराठी पुस्तके गिरगावात छापली जात आणि बाजरीच्या भाकरी परळ-लालबागला थापल्या जात, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. गिरगावच्या पांढरपेशा चाळींत भात आणि पोळी. घाटावरच्या माणसांच्या गिरणगावात ज्वारी-बाजरीची भाकरी. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, आणि त्यांना दोन वेळचे डबे घालणारी खाणावळवाली बाई. धान्य उधारीवर, महिन्याच्या पगारावर. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले तेव्हापासून तर कोणते धान्य घ्यायचे याची निवडही तिच्या हातात पुरतीशी राहिली नाही. जे येईल ते घ्यायचे आणि घरी आणून निवडायचे. मराठीत choice या अर्थी आपण जो 'निवड' शब्द वापरतो तो आणि हे 'निवडणे' एकच आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जिला पहिली निवड नव्हती, तिच्या वाट्याला दुसरी रोज येत होती.

निवडण्याची ही क्रिया साधी नाही. सूप वरखाली उडवून पाखडले की हलके फोल वाऱ्यावर जाते. मग सूप तिरके धरून गोलाकार घोळले की जड खडे एका बाजूला आणि हलकी वस्तू दुसऱ्या बाजूला सरकते. अरगटाची गाठ भरलेल्या दाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून घोळताना ती पुष्कळशी वर येते. आकार मात्र दाण्यासारखाच असल्यामुळे चाळणीतून ती वेगळी होत नाही. उरलेले काम डोळ्यांचे आणि बोटांचे. हे सगळे धान्य पिठाच्या गिरणीत जाण्याआधी झाले पाहिजे, कारण एकदा दळले की काळे आणि करडे एकच होते, आणि भाकरी भाजल्याने विष पुरते नाहीसे होत नाही.

शेतकी खात्याने शेतकऱ्याला जो उपाय सांगितला तो नेमका याच तत्त्वावर उभा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात पेरणीचे बी ओतून ढवळायचे, वर तरंगणाऱ्या गाठी आणि पोचट दाणे काढून जाळायचे, तळाचे बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. सुपाने हवेत जे केले तेच मीठपाण्याने पाण्यात केले. फरक इतकाच की मीठपाण्याची कृती पुस्तिकांत छापली गेली, तिला 'बीजप्रक्रिया' हे नाव मिळाले. सुपाची कृती 'घरकाम' राहिली. पेरणीच्या बियाण्याचे विष काढणे हे शेतीशास्त्र, आणि खाण्याच्या धान्याचे विष काढणे ही बायकांची दुपार.

शास्त्राने अनवधानाने या दुपारीत भरही घातली. १९६५ साली एचबी-१ हे बाजरीचे पहिले संकरित वाण आले. अमेरिकेतील टिफ्टन येथील एक नरवंध्य वाण आणि पंजाबातील संशोधन यांतून ते घडले होते. उत्पन्न वाढले, आणि अन्नटंचाईच्या त्या दशकात त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण जुन्या देशी बाजरीच्या शेतात कणसे मागेपुढे निसवत आणि कुणाचे तरी परागकण सदैव उडत असत. संकरित वाणाचे सारे शेत एकदम निसवते. तेवढ्यात पाऊस लागला आणि पराग कमी पडला की सारे शेत एकदम उघडे पडते. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेतील अभ्यासाने पुढे हे परागाचे गणित स्पष्ट केले. तोवर वाढलेल्या काळ्या दाण्यांचा हिशेब शेतात, खळ्यावर आणि शेवटी सुपातच चुकता होत होता.

याच परळमध्ये या कथेची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावाचून न्याय होणार नाही. रायचा अरगट गर्भाशय आकुंचित करतो हे युरोपातील सुइणींना फार पूर्वीपासून माहीत होते; १५८२ सालच्या लोनित्सर याच्या वनस्पतिग्रंथात तशी नोंद आहे. १९३५ साली इंग्लंडात डडली आणि मॉयर यांनी त्यातील अर्गोमेट्रिन हे द्रव्य वेगळे केले, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यास ते जगभर वापरले जाऊ लागले. परळला १९२६ साली उभ्या राहिलेल्या वाडिया प्रसूतिगृहासारख्या इस्पितळांतून गिरणगावच्या कितीतरी पिढ्या जन्मल्या. चाळीत बसून जी बाई बाजरीतून काळा दाणा वेचून टाकत होती, तिचाच जीव त्या काळ्या दाण्याच्या परदेशी नातलगाने बाळंतपणात वाचवला असण्याचा पुष्कळ संभव आहे. मात्र सुईच्या टोकावरची मात्रा मोजलेली असते आणि भाकरीतली मोजलेली नसते. औषध आणि विष यांच्यामध्ये कोणीतरी मोजणारे लागते.

ते मोजण्याचे काम पुढे कायद्याने अंगावर घेतले. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा. त्याखालील नियमांत, आणि त्याची जागा घेणाऱ्या अन्नसुरक्षा कायद्याखालील आजच्या मानकांतही, धान्यात अरगटग्रस्त दाण्यांचे प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्यांहून अधिक नसावे असे बंधन आहे. म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम. बाजरीचे हजार दाणे साधारण दहा ग्रॅम भरतात, तेव्हा किलोत लाखभर दाणे आले. त्यांत पन्नासेक दाण्यांच्या वजनाइतका अरगट चालेल, त्यापुढे नाही. आकडा सुस्पष्ट आहे आणि असा आकडा असणे चांगलेच आहे. परंतु लाखात पन्नास शोधायला अखेर डोळा लागतो. तपासनीस एका पोत्याचा नमुना घेतो, खाणावळवाली प्रत्येक पोते पाहते. कायदा होण्याआधीही ती पाहत होती आणि कायदा झाल्यावरही तिला सुट्टी मिळाली नाही.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खाणावळवाल्या स्त्रियांना बँकेच्या दारात नेले, तेव्हा प्रथमच या कामाला 'धंदा' मानून कर्ज मिळू लागले. स्वयंपाकाचे मोल झाले. निवडण्याचे मोल मात्र स्वयंपाकाच्या पोटातच राहिले. त्याचा वेगळा दर कुठल्याही हिशेबाच्या वहीत आला नाही. १९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, दाणाबंदरचा घाऊक बाजार वाशीला गेला, चाळींच्या जागी मनोरे आले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि बाजरी प्रतिष्ठित होऊन परतली. आता ती बहुधा पिठाच्या पिशवीतून येते किंवा 'सॉर्टेक्स'ची म्हणून येते, म्हणजे यंत्राच्या डोळ्याने निवडलेली. बायकांची दुपार मोकळी झाली, याचा आम्हांला निखळ आनंद आहे. सूप परत यावे अशी हळहळ येथे नाही.

मागणे एवढेच की काम हस्तांतरित झाले आहे हे लक्षात असावे. पूर्वी घरातला डोळा चुकला तर घरच आजारी पडे. आता कारखान्यातला डोळा चुकला तर पिठाच्या किती पिशव्या किती घरांत जातील याला अंत नाही, आणि पीठ झाल्यावर घरच्या कुणालाही ते ओळखता येणार नाही. ज्याने निवडण्याचे काम घेतले त्याने त्याची जबाबदारीही पिशवीबरोबर घेतली पाहिजे, आणि ती घेतली आहे की नाही हे पाहणाऱ्या यंत्रणेला पुरेशी माणसे आणि प्रयोगशाळा मिळाल्या पाहिजेत. सप्टेंबरचा पाऊस फुलोऱ्यात लांबला, की त्या वर्षीच्या बाजरीकडे अधिक बारकाईने पाहावे हा साधा नियमही विसरता कामा नये.

आणि अजूनही ज्या घरांत बाजरी सुटी येते, तेथे भोगीच्या आदल्या दिवशी कोणीतरी वर्तमानपत्र पसरून ती निवडत असेल. बाजूला काढलेल्या चिमूटभर काळ्या दाण्यांचे काय करायचे, असे लहान मुलाने विचारले, तर ते चिमण्यांना घालू नयेत, जाळावेत किंवा खोल पुरावेत असे सांगावे. ते का, हे विचारले तर सांगायला आता या लेखात थोडेफार सापडेल.